पुस्तक स्वतः छापायचं की प्रकाशकाला द्यायचं? आधी पैसा कुणाचा आणि हक्क कुणाचा ते बघा

सांगोला (तालुका प्रतिनिधी) : आमच्या शेजारच्या गावात एक सेवानिवृत्त गुरुजी आहेत. नाव देत नाही, त्यांनीच नको म्हणलं. चार वर्षं हिंडून गुरुजींनी गावाचा इतिहास लिहिला. ओढा कुठून वाहत होता, गावातली पहिली विहीर कुणी पाडली, बहात्तरच्या दुष्काळात कुणी कुठल्या कामावर खडी फोडली, हे सगळं म्हाताऱ्या माणसांच्या ओसरीवर बसून उतरवून घेतलं. त्यातली निम्मी माणसं आता नाहीत.

मग फोनवर एक जाहिरात आली, 'तुमचं पुस्तक आम्ही प्रकाशित करतो'. गुरुजींनी फंडातले ७० हजार रुपये भरले. हजार प्रती छापल्या. १०० प्रती त्या प्रकाशकानं ठेवल्या, ९०० टेम्पोतून घरी आल्या. मारुतीच्या देवळासमोर समारंभ झाला, नारळ-फेटे झाले. पहिल्या महिन्यात अडीचशे प्रती गेल्या, त्यातल्या निम्म्या फुकट. उरलेल्या साडेसहाशे पोटमाळ्यावर पोत्यात पडून आहेत. दोन पोत्यांना वाळवी लागली.

हेही गुरुजींनी पचवलं. पण मागच्या वर्षी पुण्याला नोकरीला असलेला एक विद्यार्थी म्हणाला, "सर, पुस्तकाची पीडीएफ करून गावच्या ग्रुपवर टाकू." गुरुजींनी जुना करार काढला. त्यात एक ओळ होती, 'पुस्तकाचे सर्व हक्क प्रकाशकाकडे राहतील.' लिहिलं गुरुजींनी, पैसे गुरुजींचे, गाव गुरुजींचं आणि हक्क दुसऱ्याचे. बियाणं आपलं, खत आपलं, मजुरी आपली आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर, असा तो प्रकार झाला.

हा विषय आज घ्यायचं कारण असं की गावोगाव लिहिणारी माणसं वाढली आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीत ९८ वं साहित्य संमेलन झालं, अध्यक्ष आपल्या शेजारच्या सांगलीच्या तारा भवाळकर होत्या. पुस्तकांची चर्चा वाढली, तशा फोनवर 'लेखक व्हा'च्या जाहिरातीही वाढल्या. निवृत्त शिक्षक, माजी सैनिक, जुने कार्यकर्ते, प्रयोग करणारे शेतकरी अशा सगळ्यांकडं सांगण्यासारखं काहीतरी असतं. ते छापायचं कसं, हा प्रश्न आता आपल्या पारावरचा झालाय.

आणि खरं सांगायचं तर हा प्रश्न माझाही आहे. माझी अडीच एकर डाळिंबाची बाग होती. आधी तेल्या आला, मग पिनहोल बोरर, शेवटी बाग काढून टाकावी लागली. त्या ११ वर्षांच्या खर्चाच्या वह्या माझ्याकडं आहेत. कुठल्या वर्षी किती फवारण्या, किती माल, काय भाव, कुठं चुकलो, सगळं त्यात आहे. त्यावरून १६० पानांचं लिखाण तयार झालं. निम्मं मी फोनवर बोलून टाइप केलं. फोननं दर ठिकाणी 'तेल्या'चं 'तेल या' केलं, ते पोरीनं बसून दुरुस्त केलं. आता पुढं काय, म्हणून चार ठिकाणी चौकशी केली. जे कळलं ते मांडतो.

वाटा दोन नाहीत, तीन आहेत

पहिली वाट खऱ्या प्रकाशकाची. तो लिखाण वाचतो, पसंत पडलं तर स्वतःच्या पैशानं छापतो, स्वतः विकतो आणि तुम्हाला मानधन देतो. मराठीत साधारण छापील किमतीच्या १० टक्क्यांच्या आसपास बोली होते. हे व्यापाऱ्यानं खळ्यावर येऊन माल उचलण्यासारखं आहे. भाव कमी पडतो, पण वाहतूक, हमाली, न विकल्याचा तोटा त्याचा.

दुसरी वाट स्वतः छापायची. प्रेसवाल्याला छपाईचे पैसे द्यायचे, बाकी सगळं आपलं. माल डोक्यावर घेऊन आठवडी बाजारात बसल्यासारखं. नफा आपला, तोटाही आपला.

तिसरी वाट मधली, आणि फसगत बहुतेक तिथंच होते. पैसे लेखकाचे, नाव प्रकाशकाचं. कुणी त्याला 'सहयोगी प्रकाशन' म्हणतं, कुणी 'पॅकेज' म्हणतं, कुणी म्हणतं 'पैसे नकोत, फक्त ३०० प्रती तुम्ही विकत घ्या'. सगळेच वाईट असतात असं नाही. काही जण व्यवस्थित काम करून देतात. पण ज्याचा नफा छापण्यातच निघून आलाय, त्याला विकायची घाई कशाला असेल?

आकडे मांडून बघू

मी आमच्या भागातल्या प्रेसमध्ये दर विचारले. कागद आणि प्रेसप्रमाणं दर बदलतात, तुमच्याकडं वेगळे असतील. माझ्या १६० पानांचा हिशेब असा आला :

अक्षरजुळणी, पानाला ३० रुपये : ४,८०० रुपये
मुद्रितशोधन, पानाला २० रुपये : ३,२०० रुपये
मुखपृष्ठ : ३,००० रुपये
छपाई आणि बांधणी, ३०० प्रती, प्रतीला ८५ रुपये : २५,५०० रुपये
एकूण : ३६,५०० रुपये

म्हणजे एक प्रत घरात १२२ रुपयांना पडली. किंमत २०० ठेवली आणि हातोहात पूर्ण किमतीला विकली, तर १८३ प्रतींना पैसे वसूल. गावात १५० ला दिली, तर २४४ प्रती विकाव्या लागतात. आणि दुकानात ठेवायची म्हणलं, तर विक्रेता ४० टक्क्यांपर्यंत कमिशन मागतो. २०० तून ८० गेले, हातात १२० आले. म्हणजे दर प्रतीला दोन रुपये तोटा. म्हणून स्वतः छापलेलं पुस्तक दुकानाच्या भरवशावर चालत नाही, ते हातोहातच विकावं लागतं.

प्रती जास्त छापल्या तर प्रतीचा दर उतरतो हे खरं. प्रेसवाला म्हणतोच, "हजार घ्या, स्वस्तात पडतील." गुरुजींना प्रत ७० रुपयांनाच पडली होती. पण पोटमाळ्यावरच्या साडेसहाशे प्रतींचा हिशेब केला, तर ४५ हजार रुपये पोत्यात बांधून ठेवलेत. आता संगणकावरून थेट छापायची सोय झालीय, ५०-१०० प्रतीही निघतात. दर थोडा चढा पडतो, पण संपल्या की पुन्हा छापता येतात.

आता दुसरी बाजू. हेच पुस्तक खऱ्या प्रकाशकानं घेतलं, २०० रुपये किंमत ठेवली आणि हजार प्रती विकल्या, तर १० टक्क्यांनी मला २० हजार मिळतात. खिशातून एक रुपया न घालता. वेळ लागेल, दोन-तीन वर्षंही जातील. पण पुस्तक नाशिकच्या, जतच्या, आटपाडीच्या शेतकऱ्यापर्यंत पोचण्याची शक्यता आहे. तिथं मी टेम्पो घेऊन जाऊ शकत नाही.

जुने दाखले काय सांगतात

'बलुतं' हे दया पवारांचं आत्मकथन १९७८ मध्ये आणि लक्ष्मण मानेंचं 'उपरा' १९८० मध्ये आलं. दोन्ही 'ग्रंथाली'नं काढली. ग्रंथाली ही वाचकांपर्यंत पुस्तक न्यायचं म्हणून उभी राहिलेली चळवळ होती. त्यामुळं गावकुसाबाहेरचं जगणं महाराष्ट्रभर वाचलं गेलं. चांगला प्रकाशक काय करू शकतो, त्याचा हा दाखला.

उलटा दाखला महात्मा फुल्यांचा. 'शेतकऱ्याचा असूड' त्यांनी १८८३ मध्ये लिहून पुरा केला. सुरुवातीचे भाग 'दीनबंधू'त छापून आले, पुढचे छापायचे थांबले. दीनबंधू हे त्यांच्याच चळवळीतलं वर्तमानपत्र, तरी ही गत झाली. पूर्ण असूड पुस्तकरूपात त्यांच्या हयातीत आला नाही. पण जोतीराव छापणाऱ्याची वाट बघत बसले नाहीत. त्यांनी तो गावोगाव वाचून दाखवला, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीही ऐकला. पुढं १९६९ मध्ये राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळानं फुल्यांचं समग्र वाङ्मय काढलं. शेतकऱ्याच्या दुखण्यावरच्या पुस्तकाला छापणारा मिळत नाही, ही गोष्ट आजची नाही.

तिसरा दाखला आपल्या काळातला. नैसर्गिक शेतीवाले सुभाष पाळेकर, २०१६ चे पद्मश्री. त्यांची पुस्तकं अमरावतीतून घरच्याच प्रकाशनानं निघाली आणि शिबिरांमध्ये विकली गेली. त्यांना दुकानाची गरज लागली नाही, कारण वाचक समोर मांडी घालून बसलेला होता. स्वतः छापणं कुणाला परवडतं, ते इथं कळतं. ज्याला आपला वाचक नावानिशी माहीत आहे, त्याला.

कायद्यातल्या या गोष्टी माहीत असू द्या

लेखनाचा हक्क लिहिल्याबरोबर तुमचा होतो. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. नोंदणी सक्तीची नाही, करायची असेल तर साहित्यकृतीला ५०० रुपये फी आहे. लेखक असेपर्यंत आणि त्याच्या माघारी ६० वर्षं हा हक्क टिकतो, म्हणजे तो वारसांचाही आहे. जमिनीइतकाच जपून ठेवा.

हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी करार आणि सही लागते. त्यात कोणता हक्क, किती वर्षांसाठी, कुठल्या भागासाठी आणि मानधन किती, हे लिहिलेलं पाहिजे. कायद्याच्या कलम १९ मध्ये एक कामाची गोष्ट आहे : करारात मुदतच लिहिली नसेल, तर ती ५ वर्षं धरली जाते. आणि हक्क घेऊन समोरच्यानं वर्षभरात काहीच केलं नाही, तर करारात वेगळं काही लिहिलेलं नसल्यास ते हक्क सुटतात.

आयएसबीएन क्रमांक सरकारकडून मोफत मिळतो. शिक्षण मंत्रालयाखालच्या राजा राममोहन रॉय संस्थेकडं ऑनलाइन अर्ज करायचा, स्वतः छापणारा लेखकही करू शकतो. 'पॅकेज'मध्ये याचे हजार-दोन हजार लावत असतील, तर विचारा कशाचे. हा क्रमांक म्हणजे पुस्तकाची सरकारी मान्यता नव्हे आणि हक्काची नोंदणीही नव्हे. तो फक्त पुस्तकाचा ओळख क्रमांक आहे. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, हेही ध्यानात ठेवा.

आपण स्वतः प्रकाशक झालो, की जबाबदाऱ्याही येतात. १९५४ च्या कायद्याप्रमाणं पुस्तकाची एकेक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चानं पाठवायची असते. लोक याला फुकटचा खर्च समजतात. माझं मत वेगळं आहे. आपल्या घरातल्या प्रती वाळवी खाईल, पण तिथं आपलं गाव कायमचं नोंदलेलं राहील.

दुसरी जबाबदारी मोठी आहे. गावच्या इतिहासात भावकीची भांडणं येतात, जमिनीचे वाद येतात, कुणाच्या आज्यानं काय केलं ते येतं. खोटं किंवा अर्धवट छापलं, तर बदनामीचा दावा होऊ शकतो. भारतीय न्याय संहितेत त्यासाठी कलम ३५६ आहे. चांगल्या प्रकाशकाकडं संपादक असतो, तो हात धरून थांबवतो, "याला पुरावा काय?" म्हणून विचारतो. स्वतः छापताना हे विचारणारं कुणी नसतं. म्हणून छापण्याआधी गावातल्या तिघांना तरी वाचायला द्या, त्यातला एक आपल्याशी न पटणारा असू द्या. गुरुजींच्या पुस्तकात एका वाड्याचं वर्ष चुकलं होतं. छापल्यावर कळलं, तेव्हा प्रत्येक प्रतीत पेनानं दुरुस्ती करत बसावं लागलं.

पुस्तक पोचवायचं कसं

ग्रंथालय संचालनालय दरवर्षी शासनमान्य पुस्तकांची यादी करतं. गावोगावची अनुदानित वाचनालयं खरेदी करताना ती यादी बघतात. जाहीर आवाहन निघतं तेव्हा स्वतः छापणाऱ्या लेखकानंही प्रत पाठवावी. साहित्य संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजनाही आहे. आपलं लिखाण त्यात बसतं का, ते त्या वर्षीच्या जाहिरातीत बघून घ्यावं.

पोस्टाची जुनी स्वस्त बुक पोस्ट सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली, त्यावर बरीच ओरड झाली. मग १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' आली. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव पाहिजे. मुंबई-पुण्याला गेलेल्या गावकऱ्यांना पुस्तक धाडायला ही सोय बरी आहे.

सगळ्यात कामाची जुनी पद्धत म्हणजे प्रकाशनपूर्व सवलत. आधी नावं लिहून घ्यायची, थोडे पैसे घ्यायचे, मग छापायचं. शंभर माणसं आधी पैसे द्यायला तयार नसतील, तर हजार प्रती कुणासाठी छापायच्या?

आणि प्रेसवाल्याकडून एक गोष्ट आठवणीनं घ्या. पुस्तकाची शेवटची पीडीएफ आणि युनिकोडमधला मजकूर, दोन्ही पेनड्राइव्हमध्ये मागून घ्या. बऱ्याच प्रेस जुन्या फॉन्टमध्ये काम करतात. तो मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की नुसती गिचमिड दिसते. दुसरी आवृत्ती काढायची वेळ आली, तर पुन्हा अक्षरजुळणीचे पैसे पडतात.

मग करायचं काय?

माझं मत सरळ आहे. पुस्तकाचा वाचक कुठं राहतो ते आधी बघा. गावाचा इतिहास, घराण्याची माहिती, देवस्थानाची माहिती असेल, तर वाचक पाच-दहा गावांत आणि पुण्या-मुंबईच्या मंडळींत असतो. त्याला तुम्ही ओळखता. असं पुस्तक स्वतः छापा, थोडं छापा. शेतीचा अनुभव, नोकरीतला अनुभव, असं जे सगळ्या महाराष्ट्राच्या उपयोगाचं आहे, ते आधी खऱ्या प्रकाशकाकडं पाठवा आणि सहा महिने धीर धरा. नकार आला तर स्वतः छापायला आपण मोकळे आहोतच.

मधल्या वाटेनं जायचंच असेल, तर सहीच्या आधी चार प्रश्न विचारा. किती प्रती छापणार आणि त्या कुणाच्या मालकीच्या? हक्क कुणाचे आणि किती वर्षं? मागच्या तीन लेखकांचे फोन नंबर देता का? पुस्तक कुठल्या दुकानात ठेवणार, ते लिहून देता का? उत्तर टाळलं, तर आपणही सही टाळावी.

माझं काय झालं, तेही सांगतो. मी दोन ठिकाणी लिखाण पाठवलं. एकाकडून सहा महिन्यांत उत्तर आलं नाही. दुसऱ्यानं चांगलं पत्र पाठवलं, पण अट घातली : किंमत २५० रुपये, त्यातल्या ३०० प्रती ४० टक्के सवलतीत मीच घ्यायच्या, हक्क कायमचे त्यांचे. म्हणजे माझे ४५ हजार. तेवढ्याच प्रती मी स्वतः ३६,५०० मध्ये छापू शकतो आणि हक्कही घरात राहतो. मालक म्हणाली, "बागेत गेले तेवढे बास झाले, आता पुस्तकात घालवू नका." खोटं कशाला बोलू, तिचं बरोबर होतं. म्हणून वही घेऊन डाळिंबवाल्यांच्या ग्रुपवर नावं लिहायला सुरुवात केली. आजपर्यंत ११२ नावं झालीत. दोनशे झाली की प्रेसला जाणार, त्याआधी नाही. नाही झाली तर वह्या जपून ठेवीन.

गुरुजींचा करार आम्ही पंढरपूरला एका वकिलांना दाखवला. करार २०१८ चा, मुदतीची ओळच नाही. वकील म्हणाले, "गुरुजी, पाच वर्षं केव्हाच संपली. पुस्तक तुमचंच आहे." गुरुजी काही बोलले नाहीत. घरी आल्यावर पोटमाळ्यावरची एक बरी प्रत उतरवली, वाड्याचं चुकलेलं वर्ष पुन्हा एकदा तपासलं आणि ती प्रत विद्यार्थ्याकडं पाठवून दिली. पीडीएफ झाली की गावच्या ग्रुपवर येईल.

तुमच्या घरात असा जुना करार पडला असेल, तर आज काढून वाचा. आणि सही अजून करायची असेल, तर आधी चार दिवस तो उशाशी ठेवा.